आत येताना गाडी तपासता, मग बाहेर पडताना का नाही?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका हौशी ऑटोक्रॉस स्पर्धकाचं पत्र वाचलं. स्पर्धेचे टायर चढवूनच ते घरून निघतात आणि त्याच टायरवर घरी परततात. टायरवर रस्त्यासाठी परवानगी असल्याचा शिक्का आहे, मग चार चाकं बदलण्याचा खटाटोप कशाला, असा त्यांचा सवाल आहे. मी तीन वर्षं अगदी हेच करत होते आणि कुणी टोकलं तर हेच उत्तर देत होते. म्हणूनच हे पत्र लिहायला बसले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मोठ्या डांबरी मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते आणि शर्यत घड्याळाशी असते. शंकू पाडला की वेळेत सेकंद वाढतात. गाड्या बहुतेक घरच्याच, सोमवारी ऑफिसला नेणाऱ्या. वेग फार नसतो, पण सगळा खेळ वळणात असल्यामुळे टायरची पकड हीच खरी ताकद. त्यामुळे माणूस इंजिनावर खर्च करण्याआधी टायरवर करतो. मीही तेच केलं.

हे टायर मऊ असतात. किती मऊ, ते त्यांच्या बाजूवर लिहिलेल्या ट्रेडवेअरच्या आकड्यावरून कळतं. ही अमेरिकेतली पद्धत. ठरलेल्या नमुना टायरला १०० धरतात आणि चाचणीच्या रस्त्यावर सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर फिरवून बाकीच्यांची झीज त्याच्याशी ताडतात. रोजच्या वापराच्या टायरवर ४००, ५०० असे आकडे दिसतात. बऱ्याच स्पर्धांत साध्या गटासाठी किमान २०० ची अट असते. त्याखाली शंभर, आणि अगदी चाळीसपर्यंत उतरणारे टायरही मिळतात. आकडा जितका खाली, तितका टायर लवकर झिजणार. शिवाय साधा टायर नवा असताना त्याची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. माझ्या टायरची नवी असतानाच जेमतेम ४ होती. बहुतेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. म्हणजे साध्या टायरवर सहा मिलिमीटरहून जास्त रबर वापरायला मिळतं, माझ्याकडे अडीचही नव्हतं.

आता ज्या संध्याकाळमुळे माझं मत बदललं, तिच्याबद्दल. मैदान घरापासून ९० किलोमीटरवर. माझी सोळा वर्षांची मुलगी सोबत होती, दिवसभर ती शंकू उचलून जागेवर ठेवण्याच्या कामावर होती. माझ्या पाच फेऱ्या झाल्या, शेवटची सगळ्यात चांगली. आम्ही दोघी आनंदात निघालो. अर्ध्या वाटेवर पाऊस आला. रस्त्यावर चाकांच्या रेषेत डांबर खोलगट झालं होतं, तिथे पाणी साचलं. मी ताशी ऐंशीच्या थोडी वर असेन. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, पुढची चाकं कुणी अलगद उचलून धरावीत तसं. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी आपसूक शेजारच्या लेनमध्ये सरकली. ब्रेक दाबला नाही, फक्त पाय काढला, एवढं मला सुचलं. शेजारची लेन रिकामी होती. काही क्षणांनी चाकं पुन्हा डांबराला टेकली आणि गाडीला झटका बसला. मुलगी काही बोलली नाही. तिने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती, आणि आम्ही कडेला थांबल्यावरही कितीतरी वेळ ती सोडली नाही.

घरी आल्यावर मी कारण शोधत बसले, आणि जे सापडलं ते निव्वळ पावसापेक्षा बरंच जास्त होतं.

पहिली गोष्ट हवेची. फेऱ्यांमध्ये टायर तापतो आणि आतली हवा वाढते. मला गरम टायरमध्ये २८ पीएसआय हवी असायची, म्हणून प्रत्येक फेरीनंतर मी थोडी हवा सोडत होते. सगळेच सोडतात. पण टायर गार झाला की तीच हवा उतरते, साधारण साडेपाच अंश तापमानामागे एक पीएसआय. बक्षीस समारंभ, गप्पा, आवराआवर यात तासभर गेला आणि पाऊस लागेपर्यंत माझ्या टायरमध्ये फार तर पंचवीस उरली असेल. गाडीच्या दरवाजावरच्या पट्टीवर ३३ लिहिलं आहे. १९६३ मध्ये नासाच्या अभियंत्यांनी विमानाच्या टायरांवरून एक सूत्र मांडलं होतं. पाण्याचा थर खाचेच्या खोलीपेक्षा जास्त असेल, तर टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगायला लागेल हे हवेच्या दाबावर ठरतं. त्या हिशेबाने ३३ पीएसआयला तो वेग ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास येतो, पंचवीसला ८३. गाडीच्या टायरला हे सूत्र ढोबळमानानेच लागू होतं. पण गुळगुळीत होत आलेल्या टायरवर माझं स्टिअरिंग नेमकं त्याच वेगाला सुटलं होतं. हवा भरायचा पंप डिकीत होता. मी तो बाहेर काढला नाही, कारण कुणी आठवण केली नाही आणि मी दमले होते.

दुसरी गोष्ट दुसऱ्या दिवशी टायरवाल्याकडे कळली. त्यांनी चाक काढून आडवं टाकलं आणि आतल्या कडेवर बोट ठेवलं. तिथे रबर संपून आतले धागे दिसत होते. बाहेरच्या बाजूला खाच २ मिलिमीटर होती, आणि मी दर वेळी तीच बघत होते. वळणात पकड मिळावी म्हणून मी पुढच्या चाकांना निगेटिव्ह कॅम्बर आणि थोडा टो-आउट देऊन घेतला होता, म्हणजे चाकं वरून आत झुकलेली आणि समोरून किंचित फाकलेली. मैदानावर वळताना टायरची बाहेरची कड घासते. हमरस्त्यावर सरळ जाताना सगळा भार आतल्या कडेवर येतो. एका स्पर्धेत मी प्रत्यक्ष पळवायचे जेमतेम साडेतीन किलोमीटर, आणि येण्याजाण्यात जायचे १८०. माझा टायर रस्त्याने खाल्ला होता. शिवाय हे रबर तापून गार झालं की दर खेपेला थोडं कडक होतं, त्यामुळे जी पकड मी पैसे देऊन विकत घेतली होती तीही कमी होत जात होती. सरळ रस्त्यावर गार हवेत यातले बरेच टायर हव्या त्या तापमानाला पोचतही नाहीत. म्हणजे ज्या मऊपणाची किंमत मोजली, तो परतीच्या वाटेवर पुरता हाताशीही नसतो.

त्या पत्रलेखकांचा शिक्का खोटा नाही. पण तो टायर साच्यातून बाहेर पडला त्या दिवसाबद्दल सांगतो. संध्याकाळी पाच वाजता, पाच फेऱ्यांनंतर, त्या टायरवर किती रबर आणि आत किती हवा उरली आहे, हे त्या शिक्क्यावरून कसं कळणार?

माझं खरं म्हणणं आयोजकांना आहे. सकाळी गेटवर आमची गाडी तुम्ही बारकाईने तपासता. बॅटरी घट्ट आहे का, चाकाचे नट आवळलेत का, ब्रेक लागतो का, सीटखाली काही सुटं पडलं आहे का, टायरची तार दिसते का. हेल्मेट बघता. हे सगळं कशासाठी, तर त्या मोकळ्या, अडथळा नसलेल्या मैदानासाठी, जिथे गाडी घसरली तर शंकू पडतो. आणि संध्याकाळी तीच गाडी, दिवसभर पिळून काढलेल्या टायरवर, दमलेल्या माणसाच्या हाती, ट्रकांच्या आणि दुचाकींच्या मध्ये सोडून देता तेव्हा तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. त्या रस्त्यावरच्या दुचाकीवाल्याने आपल्या खेळात नाव नोंदवलेलं नाही. त्याच्याबद्दलही आपली काही जबाबदारी आहे.

मागणी मोठी नाही. मैदानाचा एक सपाट कोपरा चाकं बदलण्यासाठी राखून ठेवा आणि शेवटच्या फेरीनंतर तासभर तो उघडा असू द्या. अनेकदा मैदान रिकामं करायची एवढी घाई असते की माणूस इच्छा असूनही जॅक लावू शकत नाही. बाहेर पडायच्या वाटेवर एक स्वयंसेवक हवेचा गेज आणि खाच मोजायचं मापक घेऊन उभा करा. एका गाडीला दोन मिनिटं पुरतात.

चाकं न्यायची कशी, हा प्रश्न मला मान्य आहे. माझ्या छोट्या हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडली की चार चाकं मावतात, पण ती पट्ट्यांनी बांधावीच लागतात. पंधरा-वीस किलोचं सुटं चाक जोरात ब्रेक लागल्यावर पुढे कुठे जाईल, याचा विचार करा. दोन सीटच्या गाडीवाले छोटी ट्रॉली ओढून आणतात किंवा मित्राच्या गाडीत चाकं टाकतात. ज्यांना यातलं काहीच जमणार नाही त्यांनी २०० च्या वरचे टायर घ्यावेत, निघताना हवा भरावी आणि पावसाचा अंदाज असेल तर ती स्पर्धा सोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि चाकं बदललीच, तर एका नटानंतर त्याच्या समोरचा, अशा क्रमाने, टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) आवळा आणि ऐंशी-एक किलोमीटरनंतर थांबून पुन्हा बघा. घाईत हाताने आवळलेला नट हा आणखी वेगळा धोका.

माझ्या पुढच्या स्पर्धेच्या आयोजकांना मी विचारलं, त्यांनी होकार दिला आहे. शेवटच्या फेरीनंतर गेटजवळ गेज घेऊन मी उभी असेन, आणि मुलगी टॉर्क रेंच घेऊन माझ्याबरोबर असेल. त्या पत्रलेखकांना तोवर एकच विनंती. आज गाडी उभी आहे तिथेच स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, खाली वाका आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवून बघा.

आपली,
एक हौशी स्पर्धक आणि नियमित वाचक