वळिवड्याचा इतिहास इथल्या मुलांनाही कळू द्या

महोदय,
नोकरीनिमित्त मी चार वर्षे पोलंडमधल्या वॉर्सॉत राहतो. सध्या सुट्टीसाठी शाहूपुरीत घरी आलो आहे. पोलिश भाषेनं सुरुवातीला घाम फोडला. सात विभक्त्या, त्यात संबोधनही! मग 'मुलांनो' आठवलं आणि धीर आला. अनोळखी माणसाला तिथं 'तुम्ही' म्हणत नाहीत. 'साहेब काय घेणार?' असं विचारतात, अगदी आपल्या दुकानदारासारखं.

१७९५ ते १९१८ हा देश नकाशावरच नव्हता, टिकली ती भाषा. म्हणून ही माणसं आठवणी जिवापाड जपतात. १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता १९४४ च्या नाझींविरुद्धच्या उठावाच्या स्मरणार्थ भोंगे वाजतात आणि ट्राम, मोटारी, माणसं जागच्या जागी थांबतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

त्याच शहरात कोल्हापूरचं नाव कोरलेलं स्मारक आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्याची ही कृतज्ञता. आणि माझ्या नववीतल्या पुतण्याला वळिवडे म्हणजे फक्त रेल्वे स्टेशन! कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात या निर्वासितांच्या आठवणीचा स्तंभ आहे, त्याच्याजवळून तो रोज जातो. शाळांनी एक सहल तरी वळिवड्याला न्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर