तक्रार पत्र: डाउनलाइटच्या चुकीच्या नियोजनाबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख

विषय: फॉल्स सीलिंगमधील 14 डाउनलाइट बदलून मिळण्याबाबत आणि छताच्या दुरुस्तीबाबत

महोदय/महोदया,

मागच्या महिन्यात आपल्या कंपनीकडून मी 14 एलईडी डाउनलाइट, म्हणजे छतात बसवायचे दिवे, घेतले. दिवे कुठेही मिळाले असते. 'घर दाखवा, लाइटिंगचा प्लॅन आम्ही करून देऊ' असं आपल्या प्रतिनिधीने सांगितलं, त्या भरवशावर मी तुमच्याकडे आले. म्हणून ही तक्रार दिव्यांपेक्षा त्या प्लॅनची आहे.

याआधी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: दिवे लागतात ना, मग त्यात दोष नाही आणि ते वॉरंटीत बसत नाही. दिवे लागतात, हे खरंच आहे. पण ते लागल्यावर घरात काय होतं, ते कृपया वाचा.

माझ्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. दिवसाचा बराच वेळ ती पाठीवर पडून असते. ही गोष्ट मी प्रतिनिधीला पहिल्याच भेटीत सांगितली होती, पलंग कुठे असणार तेही दाखवलं होतं. तरी त्या खोलीतल्या चारपैकी दोन दिवे बरोबर उशीच्या वर आले. दिवाही असा, की त्याची चिप, म्हणजे उजेड देणारा भाग, छताच्या पातळीतच आहे, उघडी. खालून पाहिलं की थेट डोळ्यांत घुसते. संध्याकाळी दिवे लावले की आई कोपर डोळ्यांवर आडवं घेते आणि दिवे बंद होईपर्यंत काढत नाही. तिच्याशी बोलताना मला तिचा चेहरा दिसत नाही. चिप आत खोल बसवलेला, काळ्या कडेचा दिवा मिळतो, तो तिरप्या नजरेला जवळजवळ दिसत नाही, हे मला नंतर दुसऱ्याच एका इलेक्ट्रिशियनकडून कळलं. अर्थात तोही उशीच्या वर नकोच. पायथ्याकडे किंवा भिंतीलगत हवा. ज्याचं हे कामच आहे त्याने एवढं तरी सुचवायला हवं होतं.

स्वयंपाकघरात तर प्रतिनिधीने खोलीचं क्षेत्रफळ काढलं, चार दिवे ठरवले आणि चौकोनात मांडून दिले. ओट्याशी उभं राहिलं की चारही दिवे पाठीमागे येतात. भाजी चिरताना सुरीवर आणि बोटांवर माझीच सावली पडते. मधे भरपूर उजेड, पण तिथे कुणी काम करत नाही. दिव्यांची रांग ओट्याच्या पुढच्या कडेच्या वर घेतली असती, तर हे झालंच नसतं.

झोताच्या कोनाबद्दल तर एक शब्दही निघाला नाही. दिवाणखान्यात 24 अंशांचे दिवे बसवलेत. चित्रावर किंवा एखाद्या कोनाड्यावर झोत टाकायला तो कोन छान. पण अडीच मीटर उंचीच्या छतावरून त्याचं वर्तुळ जमिनीवर जेमतेम एक मीटर पडतं. सहा दिव्यांची सहा वर्तुळं आणि मधे अंधारे पट्टे, अशी आमची बैठक दिसते. त्याच उंचीवरून 60 अंशांचा झोत पावणेतीन मीटरच्या वर पसरला असता. मला फक्त वॅट सांगितले गेले. वॅट म्हणजे दिवा किती वीज घेतो. उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये मोजतात, आणि तो आकडा आपल्या खोक्यावर कुठेच नाही.

रंगाचंही तसंच. खोक्यावर नुसतं 'वॉर्म' लिहिलंय. उजेड किती पिवळा किंवा पांढरा ते केल्विनमध्ये सांगतात, तो आकडा नाही. एकाच खोक्यातले दोन दिवे शेजारी लावले, तर एक पिवळसर आणि एक गुलाबीकडे झुकणारा निघाला. आई पडल्या पडल्या भरतकाम करते. लाल आणि मरून दोऱ्याच्या गुंड्या तिने दोनदा उलटसुलट घेतल्या आणि 'माझीच नजर गेली' म्हणून हिरमुसली. मी त्या गुंड्या खिडकीशी नेऊन दाखवल्या, तेव्हा तिला फरक लगेच दिसला. दोष नजरेत नव्हता. रंग किती खरे दिसतात याचा सीआरआय नावाचा आकडा असतो. तो आठ फिकट छटांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरतच नाहीत. त्यासाठी आर-9 हा वेगळा आकडा पाहावा लागतो. तुमच्या खोक्यावर यातला एकही नाही.

डिमरबद्दल थोडक्यात: हे दिवे डिमरवर चालत नाहीत, मंद केले की लुकलुकतात. डिमर बसवणार हे ऑर्डरवर लिहिलेलं आहे.

'नको असतील तर दिवे परत करा' असं फोनवर सुचवलं गेलं. दिवे परत करीन, पण छताला पडलेली भोकं कुठे परत करू? तुमच्या सांगण्यावरून 100 मिलिमीटरची भोकं कापली गेली. तुमच्याच यादीतल्या खोल दिव्याला 75 मिलिमीटरचं भोक लागतं, म्हणजे तो या भोकात अडकणारच नाही. कापायच्या आधी दहा मिनिटं प्रश्न विचारले असते, तर आज ही वेळ आली नसती.

माझी मागणी अशी आहे. आईच्या खोलीतले चारही दिवे खोल बसणारे आणि 2700 ते 3000 केल्विनचे, सीआरआय 90 किंवा त्याहून जास्त असलेले द्यावेत. ओट्यावरची रांग नव्याने आखावी, दिवाणखान्यात रुंद झोताचे आणि डिमरला चालणारे दिवे द्यावेत. जुनी भोकं बुजवून छत रंगवण्याचा खर्च कंपनीने करावा. आणि नव्या प्रत्येक दिव्याचे ल्युमेन, केल्विन, सीआरआय, आर-9 आणि झोताचा कोन बसवण्याआधी मला लेखी मिळावेत. लेखी उत्तराची 15 दिवस वाट पाहीन, त्यानंतर ग्राहक आयोगाकडे जाईन.

पाहणीला ज्यांना पाठवाल त्यांनी संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळी यावं. आईला मी खुर्चीत बसवीन. त्यांनी तिच्या पलंगावर दोन मिनिटं उताणं पडून वर पाहावं आणि मग अहवाल लिहावा.

आपली,
एक ग्राहक

सोबत: ऑर्डरची प्रत, प्रतिनिधीने काढलेला आराखडा, तिन्ही खोल्यांची छायाचित्रं