लेकीच्या राज्यशास्त्राविषयी

कोपरी, ठाणे (पूर्व),
दि. १४ जून

प्रिय हरेश्वर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. लेकीने बारावीनंतर राज्यशास्त्र घेऊन बी. ए. करण्याचे ठरवले असून, पुढे तिच्या पोटापाण्याचे काय, या काळजीने तू आणि वहिनी अस्वस्थ आहात, असे तू लिहितोस. मी हाच विषय महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे मी त्याची बाजू घेणार हे तू गृहीत धरले असशील. माझे म्हणणे असे, की तिने हा विषय जरूर घ्यावा. मात्र केवळ स्पर्धा परीक्षेला उपयोगी म्हणून घेऊ नये.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी विचारतो, की ठाणे आणि नवी मुंबई ही शहरे एकमेकांना लागून असताना त्यांच्या पाण्याची तऱ्हा वेगळी का? नवी मुंबई महापालिकेचे मोरबे हे स्वतःच्या मालकीचे धरण आहे; ठाण्याला मात्र आपल्या योजनेच्या जोडीला स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) आणि मुंबई महापालिका यांच्याकडून पाणी घ्यावे लागते. उत्तर शोधायला मुले महापालिकेचे अंदाजपत्रक उघडतात, महसुली आणि भांडवली खर्च वेगळा करतात, आयुक्तांचे अधिकार कुठे संपतात आणि नगरसेवकांच्या महासभेचे कुठे सुरू होतात हे कायद्यात पाहतात. तुमच्या नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढे काही वर्षे निवडणूकच झाली नाही, तेव्हा एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले होते, "सर, प्रशासकाच्या काळात अंदाजपत्रक मांडणार कोण आणि मंजूर करणार कोण?" दोन्ही कामे एकाच अधिकाऱ्याकडे आहेत, हे कळल्यावर वर्ग काही क्षण गप्प झाला. शहरांच्या लोकनियुक्त संस्थांना घटनात्मक दर्जा देणारी १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती कशासाठी केली, हे त्यानंतर मला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

तुझ्या घरात तर हा विषय लहानपणापासून तिच्या कानांवर आहे. काकांची, म्हणजे तिच्या आजोबांची, शेतजमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या संपादनात गेली, १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी योजना आली, हे सारे तिने आजोबांकडूनच ऐकलेले असणार. जमीन कोणाची गेली, निर्णय कोणी घेतला, मोबदला कोणत्या दबावामुळे मिळाला, हे प्रश्न तिला पडतात म्हणूनच ती या विषयाकडे वळली आहे, असे मला वाटते, आणि ही ओढ मला गुणपत्रिकेपेक्षा मोलाची वाटते.

आता पोटापाण्याविषयी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय घेता येतो. त्याचे २५० गुणांचे दोन पेपर असतात, म्हणजे लेखी परीक्षेच्या १७५० पैकी ५०० गुण, शिवाय सामान्य अध्ययनातही राज्यघटना आणि आंतरराष्ट्रीय संबंध येतातच. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, तिथे तिला मार्गदर्शन मिळू शकेल. परंतु जागा हजाराच्या आसपास आणि अर्ज लाखांनी, हे पाहता पाच-सहा वर्षे त्या एकाच दारात उभी राहिलेली हुशार मुले पाहून माझा जीव तुटतो. म्हणून दुसरी वाट पहिल्या वर्षापासूनच धरून ठेवायला हवी.

पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचे एल्‌एल. बी. करता येते, आणि राज्यघटनेचा पाया पक्का असलेल्या मुलीला ते जड जात नाही. पत्रकारिता आहेच. प्राध्यापकीविषयी मात्र तुला स्पष्ट सांगतो: एम. ए. नंतर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर काम करत आहेत, तेव्हा त्या भरवशावर राहू नये. मला आशा वाटते ती संशोधनाच्या क्षेत्राची. 'लोकनीती'सारख्या संस्थांची निवडणूक सर्वेक्षणे असतात, त्यांत नमुना निवडीपासून घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेण्यापर्यंत सगळी कामे येतात. मतदाराने कोणाला मत दिले हे गुप्त राहावे म्हणून सोबत नकली मतपेटीही नेतात. पीआरएस ही संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणारी संस्था पदवीधर तरुणांना पाठ्यवृत्ती देऊन खासदारांचे साहाय्यक म्हणून नेमते. विधेयकांचा अभ्यास करणे आणि प्रश्न तयार करणे हे त्यांचे काम. अशा ठिकाणी नुसती पदवी पुरत नाही, संख्याशास्त्र यावे लागते आणि इंग्रजी-मराठीत नेटके टिपण लिहिता यावे लागते. तेव्हा तिने जोडविषय म्हणून अर्थशास्त्र घ्यावे आणि संगणकावर तक्ते हाताळण्याचा सराव आतापासूनच सुरू करावा, असा माझा आग्रह आहे.

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी एका रविवारी तिला घेऊन ये. नेरुळहून ठाण्याची गाडी थेट आहे. येताना काकांकडचे भूसंपादनाचे जुने कागद तिला सोबत आणायला सांग. ते समोर ठेवूनच आम्ही दोघे बोलू.

वहिनींना नमस्कार, काकांना साष्टांग नमस्कार, लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझा,
सुधीर