फांदी खोचून झाड येतं, मग फूल कशाला?

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

जास्वंदीची फांदी मातीत खोचली की झाड येतं, मग झाडाने फुलाचा खटाटोप का करावा, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. पुस्तकात याचं उत्तर एका शब्दात आहे: विविधता. मार्कांपुरतं ते ठीक आहे. पण लैंगिक पुनरुत्पादनाचा हा धडा वर्गात माना खाली घालून इतक्या घाईने उरकतात, की त्यातली खरी मेख कुणी सांगत नाही. हा सगळा व्यवहार वरवर पाहता चक्क तोट्याचा आहे.

हिशोब करून बघ. एक मादी नराशिवाय हुबेहूब स्वतःसारख्या दोन लेकी देते, त्या प्रत्येकी दोन. दहा पिढ्यांनंतर १०२४ माद्या. दुसरीला नर लागतो. तिचीही पिल्लं दोनच, पण त्यात सरासरी एक नर, एक मादी. दहा पिढ्यांनंतरही तिच्या वंशात मादी एकच! नराने पिल्लं पोसायला हातभार लावला नाही, तर हा तोटा दुपटीचा ठरतो. जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७०च्या दशकात तो मांडला आणि जीवशास्त्रज्ञांची झोप उडाली. शिवाय जोडीदार शोधायचा, आणि आई-बापांत जमून आलेला जनुकांचा मेळ प्रत्येक पिढीत मोडायचा, हे वेगळंच.

तरीही ही पद्धत अब्जभर वर्षं टिकली आहे. कॅनडाच्या उत्तर टोकाला सापडलेल्या बँगिओमॉर्फा या लाल शैवालाचे सुमारे १०५ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म हा लैंगिक पुनरुत्पादनाचा सर्वांत जुना पुरावा मानतात. मूळ त्याहून जुनं असावं. फुलझाडांच्या परागातली नरपेशी, क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय शैवाल आणि मलेरियाचा परजीवी, तिघांतही दोन पेशी जोडण्याचं काम एकच प्रथिन करतं, हॅप-२. इतक्या दूरच्या भावंडांत तेच अवजार सापडतं, म्हणजे ते पूर्वजाकडून आलं असणार. २०१७ मध्ये त्याची रचना उलगडली, तर ती डेंग्यूचा विषाणू पेशीत शिरताना जे प्रथिन वापरतो त्याच्याशी जुळणारी निघाली. आपल्यात मात्र हॅप-२ उरलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. नर आणि मादी हा भेद नंतरचा. क्लॅमिडोमोनासच्या जुळणाऱ्या दोन पेशी आकाराने सारख्याच. त्यांना नर-मादी म्हणता येत नाही, म्हणून नुसतं अधिक आणि उणे म्हणतात. मग असमानता आली कुठून? १९७२ मध्ये पार्कर, बेकर आणि स्मिथ (हे स्मिथ वेगळे) यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला अजूनही सुरेख वाटतं. मोठ्या पेशीत गर्भासाठी शिदोरी असते. बारीक पेशी तेवढ्याच खर्चात ढिगाने करता येतात. मधल्या आकाराची ना पोसायला पुरते, ना संख्येने टिकते. मधल्या गेल्या, टोकं उरली. माणसाचं बीजांड सुमारे ०.१ मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढं दिसेल असं. शुक्राणूचं डोकं त्याच्या विसाव्या हिश्शाइतकं. बाप-आई हा भेद एवढ्यावर उभा आहे.

पुढचा पेच पाण्याचा. शेवाळ-नेच्यांच्या नरपेशींना पोहत जावं लागतं. १८९६ मध्ये हिरासे साकुगोरो यांना गिंको या वृक्षातही पोहणाऱ्या नरपेशी दिसल्या, म्हणजे एवढं मोठं झाड, पण जुनी सवय सुटली नव्हती. फुलझाडांत परागातून फुटणारी परागनलिका नरपेशींना थेट बीजांडापर्यंत नेते, तिथे पोहणं संपलं. जास्वंद हातात घेऊन बघ: मधल्या दांड्यावर पिवळे परागकोश, आणि टोकाला पाच मखमली गोंडे. ते गोंडे म्हणजे पराग झेलायच्या जागा. एवढी मांडामांड, आणि फूल दिवस-दोन दिवसांत गळतं.

आता तोटा भरून कसा निघतो? पहिलं कारण हर्मन मलर यांनी १९६४ मध्ये सांगितलं. नराशिवाय चालणाऱ्या वंशात जनुकांतली चूक पुढच्या सगळ्यांना मिळते, वर नव्या चुका साचत जातात. मिसळ झाली की काही पिल्लांच्या वाट्याला चुका कमी येतात, काहींच्या जास्त. जास्त चुकांची पिल्लं जगत नाहीत आणि तो गाळ त्यांच्याबरोबर जातो.

मला जास्त पटतं ते दुसरं कारण, परजीवींचं. सगळ्या घरांना एकच कुलूप असेल तर चोराला एक किल्ली पुरते. ग्रो मिशेल जातीची केळी अशीच, कोंब लावून वाढवलेली, सगळी एकसारखी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एका बुरशीने तिची निर्यातीची लागवड धुळीला मिळवली. न्यूझीलंडच्या तळ्यांत एक चिमुकली गोगलगाय आहे. तिच्यातल्या काही माद्यांना नर लागतो, काहींना लागत नाही. एक चपटकृमी तिच्यात शिरून तिला वांझ करतो. कर्टिस लायव्हली यांनी १९८७ मध्ये दाखवलं की कृमींचा उपद्रव जास्त, तिथे नरही जास्त. नंतर असंही दिसलं की जे बिननराचं कूळ संख्येने माजतं, त्यालाच पुढे कृमी गाठतात.

मावा तर दोन्हीकडून फायदा उपटतो. थंड प्रदेशात उन्हाळाभर माद्याच माद्यांना जन्म देतात, आणि शरद आला की नर जन्मतात, मीलन होतं, अंडी हिवाळा काढतात.

पण डेलॉइड रॉटिफर या सूक्ष्म जिवांत नर आजवर कुणाला सापडलेला नाही, आणि ते कोट्यवधी वर्षं सुखात आहेत. पाणी आटलं की ते वाळून कोळ होतात आणि वाऱ्यावर उडून जातात. त्यांना मारणारी बुरशी तेवढा कोरडेपणा सोसत नाही, म्हणून पाठलाग चुकतो. ओल्या भिंतीवरच्या मॉसचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेव आणि खालचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धर. अळीसारखं आखडत-ताणत चालणारं, तोंडाशी दोन चक्रं फिरवणारं काही दिसलं, की ते हेच.

तुझी,
आई