आपल्या शिवारात येणारी माझी मुलं

शिरूर कासार, जि. बीड
१ मे २०२५

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

सकाळी झेंडावंदन झालं आणि लगेच मुलांना प्रगतीपत्रकं दिली. वर्ष संपलं. फोन केला असता, पण बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि मला जे सांगायचंय ते सलग सांगायचंय. शेवटी एक मागणंही आहे. ते बाबांकडेच आहे.

बाबा, जानेवारीत तुम्ही पेपरातली ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीच्या अहवालाची बातमी वाचून दाखवली होती. देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतली जेमतेम २३.४ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकतात, असं त्यात होतं. २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ होता, म्हणजे सुधारणा आहे. पण तुम्ही एवढंच विचारलंत, “तुझी पोरं वाचतात का गं?” तेव्हा मी उत्तर टाळलं, कारण त्या दिवशी माझा निम्मा वर्ग जाग्यावर नव्हता. तो तुमच्याकडच्या उसात होता. आज उत्तर देते.

आमची शाळा दोन शिक्षकांची आणि चार वर्गांची. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मोठ्या सरांकडे. बालाघाटाचा हा भाग कोरडवाहू. बाजरी, तूर, कापूस होईल तेवढा, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीचा कोयता. आपल्याकडे बाबा जशी तोडणीची वाट बघतात, तशी इथे तोडणीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रकची वाट बघतात. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच उरलेला नसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मागे कुणी सांभाळणारं नसेल तर पोरंही त्याच ट्रकमध्ये, भांड्यांच्या आणि सरपणाच्या मधे बसून.

आई, तू दर वेळी विचारतेस, “पहिला नंबर कुणाचा?” इथे नंबर काढत नाहीत, श्रेणी देतात. स्कॉलरशिपचंही विचारलं होतंस. ती परीक्षा २०१६-१७ मध्ये चौथीवरून पाचवीला नेली आणि आमची शाळा चौथीपर्यंतच. त्यामुळे हारतुऱ्यांचा फोटो पाठवता येणार नाही. वाचन-गणिताच्या निपुण भारत या सरकारी मोहिमेच्या हिशेबानं दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात. हे उद्दिष्ट मला मनापासून पटतं. वाचता न येणाऱ्या मुलाला पुढच्या वर्गात ढकलत राहणं हा त्या मुलावरचा अन्याय आहे. पण ते उद्दिष्ट सलग वर्षाचं आहे, आणि माझ्या निम्म्या मुलांचं वर्ष मधोमध तुटतं.

यंदा ते नेहमीपेक्षा उशिरा तुटलं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि कारखान्यांचा हंगाम १५ नोव्हेंबरपासून धरला होता. आमच्याकडच्या काही जोड्या मत देऊनच निघाल्या. दिवाळीनंतरचे ते थोडे दिवस मला सोन्यासारखे मिळाले. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत पुस्तक, पाटी आणि एक वही घातली. वहीत रोजचं एक पान: वर चार ओळी वाचायला, खाली तीन गणितं. आणि सोबत शिक्षण हमी कार्ड. मूल कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येतं, हे त्यावर लिहिलेलं असतं. जिथे जाईल तिथल्या शाळेनं ते बघून त्याला बसवून घ्यावं, अशी ती सोय आहे.

आता दुसरीतल्या एका मुलाचं सांगते. त्याची मोठी बहीण चौथीत आहे. ती आजीपाशी राहिली, कारण शाळेत हंगामी वसतिगृह आहे: दोन्ही वेळचं जेवण शाळेत, झोपायला आजीकडे. भाऊ लहान म्हणून आईबापाबरोबर गेला. डिसेंबरात सरांनी चौथीला पत्रलेखन शिकवलं, तेव्हा पोरीनं सरावाचं पत्र सोडून खरंच आईला पत्र लिहिलं. शेळी व्याली, आजीचा खोकला बरा आहे, माझा नऊचा पाढा पाठ झाला. मी त्याचा फोटो काढून तिच्या वडिलांच्या मोबाईलवर पाठवला. आईला वाचता येत नाही, वडिलांना कसंबसं येतं. ते पत्र दुसरीतल्या भावानं कोपीत, तोडणीवरच्या झोपडीत, बसून वाचलं, अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवून. वडिलांनी तो आवाज रेकॉर्ड करून मला पाठवला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, आई मधेच म्हणत होती, “परत वाच, ते शेळीचं परत वाच.” बाबा, वर्षभर मी ज्याच्यासाठी धडपडत होते ते नेमकं हेच होतं. समजून वाचणं, दुसऱ्याला समजावं म्हणून वाचणं.

मग त्याला सवय लागली. फोनला चार्जिंग असेल त्या संध्याकाळी बहिणीचं पत्र जायचं आणि त्याच्या वाचनाचा आवाज यायचा. मार्चमध्ये परत आला तेव्हा पुस्तकातला न शिकवलेला धडा पुढ्यात ठेवला. वाचला. जोडाक्षरांना अजून अडतो, पण थांबून, पुढचा शब्द बघून, मागचा दुरुस्त करतो. हे कुणी शिकवून येत नाही, वाचून वाचून येतं. हातच्याची बेरीज तर त्याची पक्की झाली आहे, कारण वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकलेल्या पैशांचा रोजचा हिशेब त्याच्याकडे होता.

सगळ्यांचं असं झालं नाही. त्याच वर्गातली एक मुलगी गेली तेव्हा लहान लहान वाक्यं वाचायची. परत आली तेव्हा अक्षरांवर होती. वहीचं पहिलं पान तेवढं भरलेलं. पहाटे आईबाप फडात गेले की कडेवर तान्हा भाऊ आणि पायाशी चूल, तिला वही उघडायला वेळ कुठून असणार? ती हुशार आहे, बाबा. तिच्या लक्षात राहतं, तिला गोष्ट एकदा सांगितली की पुरते. जूनमध्ये ती तिसरीत सरांकडे जाईल. परिपाठाच्या आधी रोज तिला माझ्याकडे बसवायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

हंगाम यंदा लवकर आटोपला, हे तुम्हाला मी सांगायला नको. उसाला तुरा आला, वजन भरलं नाही, मार्चमध्येच बहुतेक कारखान्यांची धुराडी थंड झाली. तुमचं नुकसान झालं. इथेही उचल फिटली नाही, कितीतरी घरांचा आकडा पुढच्या वर्षावर गेला. हे सगळं मी रोज ऐकते आणि मला वाईट वाटतं. पण त्याच कारणानं पोरं पाडव्याच्या आधीच शाळेत आली, हेही खरं आहे. त्यात यंदा राज्यभर वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवली होती. उन्हात मुलांचे हाल झाले, निकालाला आम्हाला दिवस पुरले नाहीत, शिक्षकांनी तक्रारी केल्या. माझ्या मुलांना मात्र तेवढा महिना जास्तीचा मिळाला, आणि परीक्षेला त्यांच्यातलं कुणीही गैरहजर नव्हतं. वर्षाची कमाई विचाराल तर मी आधी हीच सांगेन.

चौथीची ती मुलगी आता पाचवीला जाईल. ऊसतोड कामगारांच्या पाचवीपासूनच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहाची योजना आहे. तिच्या आजीला घेऊन चौकशी करायची आहे. आजी तयार आहे, वडील ‘बघू’ म्हणतात. त्या ‘बघू’चा ‘हो’ झाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

आता मागणं. बाबा, आपल्या रानात यंदा आलेली टोळी पाटोद्याकडची होती, असं तुम्ही म्हणाला होतात. पाटोदा आमच्या शेजारचाच तालुका. लहानपणापासून मी त्या कोप्या बघत आले आहे, ओढ्याच्या पलीकडे, आपल्या विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्या बायका आणि त्यांच्या मागची पोरं. आपली शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. तरी त्यातलं एखादं पोर आमच्या वर्गात बसलेलं मला आठवत नाही. कुणी अडवलं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं.

येत्या हंगामात टोळी उतरली की तुम्ही एकदा कोपीवर जा. सहा वर्षांवरची किती पोरं आहेत, कार्ड कुणाकुणाकडे आहे, एवढं विचारा. कार्ड नसलं, दाखला नसला तरी अडत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की दाखला उशिरा येतो म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. मुख्याध्यापकांना हे माहीत असतंच, पण गावातला जाणता माणूस पोरांना सोबत घेऊन दारात उभा राहिला की काम त्याच दिवशी होतं. पोषण आहारही त्यांना मिळेल. मुकादम कुरकुरला तर त्याला सांगा, ऊस माझा आहे आणि ही अटही माझी आहे. तुमचा शब्द तो मोडणार नाही.

आणि आई, लहान भावंडांचं काय, हा खरा पेच आहे. तान्ह्याला सांभाळायला कुणी नसलं की मोठी पोर शाळेत येत नाही. आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंशी तुझं चांगलं आहे. तीन वर्षांवरची पोरं सकाळची त्यांच्याकडे बसवता येतील का, विचारून ठेव. त्याहून लहानांचं काय करायचं ते मलाही अजून सुचलेलं नाही. तुला काही सुचलं तर कळव.

सुट्टी लागली, पण आधी प्रशिक्षण आहे. ते झालं की लगेच निघते. बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे मी आल्यावरच काढू, तोवर रानात फार फिरू देऊ नकोस. शुगरची गोळी तुझी तू वेळेवर घे. मी आले की बाबा आणि मी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी हंगामाआधीच बोलून ठेवू.

तुमची,
ताई