तेलाची बाटली राहिली

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेच्या संध्याकाळी तू गेलास आणि तेलाची बाटली देवळीतच राहिली. विसरलास की मुद्दाम ठेवलीस, ते विचारत नाही. काकांचा बंटी सोमवारी स्वारगेटला उतरतोय, त्याच्याबरोबर धाडते आहे.

अभ्यासाचं काही लिहायचं नाही असं ठरवलंय. पण नरकचतुर्दशीला तुला तेल लावताना उजवा तळवा हातात घेतला, तर अंगठ्याखालचा गोळा लाकडासारखा लागला. मधल्या बोटाला पेनाचं घट्टं. आणि रात्री पाणी प्यायला उठले तर तू दोन्ही मुठी आवळून झोपलेला. किती वेळ मी तशीच उभी होते.

पूर्वी राज्यसेवेच्या मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, बहुतेक उत्तरपत्रिकेवरचे गोलच काळे करायचे होते. आता नऊ पेपर, तीन-तीन तास हातानं लिहायचं. म्हणून झोपण्याआधी पाच मिनिटं दे. चार थेंब कोमट खोबरेल घे. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तो तळव्यातला गोळा हळूहळू गोल दाबायचा, दुखेल तिथे थोडं थांबायचं. मग अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग चिमटीत धरायचा आणि सावकाश सोडायचा. एकेक बोट मुळापासून नखापर्यंत ओढत आणायचं. कडाकडा मोडायची नाहीत. बोटांत स्नायू नसतातच, ती हलवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात, असं फिजिओथेरपीच्या ताई म्हणायच्या. तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत चोळलंस तरच बोटांना सुटल्यासारखं वाटेल. मी टायपिंगची चाळीसची परीक्षा दिली तेव्हा हे ठाऊक नव्हतं, नुसतीच करंगळी चोळत बसायची.

ताई बाबांसाठी यायच्या. बाबांची डावी मूठ मिटली ती मिटलीच. आधी अंगठा अलगद बाहेर काढा, मग बाकीची बोटं सैल पडतात, हे ताईंनीच शिकवलं. तू नववीत होतास. शाळेतून आलास की दप्तर टाकून बाबांच्या कॉटवर बसायचास आणि एकेका बोटाला एकेक नदी म्हणायचास, कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी, तारळी. तारळीला करंगळी यायची. एकदा तारळीपर्यंत हात पुरता उघडला होता. बाबा हसले होते, आठवतं?

तुझ्या मुठी बघून मला तीच मूठ दिसली. तुझं तसं काही नाही, हे मला कळतं. तरी सांगते, रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर चोळत बसू नकोस. मनगटात शीर दबली तर तसं होतं, डॉक्टरांना दाखव. दोन-दोन वाजेपर्यंत जागू नकोस. मेसचं जेवण चुकवू नकोस. चहावर दिवस काढू नकोस. मूठ आवळून का कुठे झोप लागते?

बघ, पुन्हा सुरू झाले. रागावू नकोस. तलाठ्याचा फॉर्म भर म्हणाले, तेही नको होतं. तू ताटावरून उठलास ते अजून डोळ्यांपुढे आहे.

तुझ्या वहीतला कोयनेच्या धरणग्रस्तांवरचा निबंध मी वाचला, न विचारता. दोनदा वाचला. मग वही बाबांच्या फोटोपुढे ठेवली, दुसऱ्या दिवशी तुझ्या बॅगेत टाकली.

पेपरच्या सकाळी तेल लावू नकोस, उत्तरपत्रिकेला डाग पडतील. कोरड्या हातानंच दाब. दोन पेपरांच्या मधे जेवून झालं की पुन्हा.

मुठींचं आता फोनवर विचारणार नाही. तुझ्या खोलीतल्या त्या नांदेडच्या मुलाला मात्र सांगून ठेवलंय, रात्री उठलास तर एकदा याच्या हातांकडे बघ म्हणून. त्याच्यावर चिडू नकोस. बाटलीसोबत त्याच्यासाठीही चकल्या आहेत.

तुझी,
आई