पूलचं १९४० चं ताट

प्रिय मंद्या,

फोनवर त्या ताटाबद्दल अर्धवटच सांगून झालं, म्हणून आता नीट लिहायला बसलोय कारण ते डोक्यातून जातच नाहीये. इथे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमध्ये लिलावाच्या आधी वस्तू बघायला मांडून ठेवतात, तिथे दिसलं. पूल नावाचं इथलं बंदराचं गाव आहे, तिथल्या पूल पॉटरी या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्याचं, १९४० सालचं, आपल्या जेवायच्या ताटापेक्षा मोठं, हाताने रंगवलेलं, आणि त्यावर पूलचं बंदर नि फ्लाइंग बोट, म्हणजे ते बोटीसारख्या पोटाचं पाण्यावर उतरणारं विमान. अक्षरं अशी, 'पोर्ट ऑफ पूल, एम्पायर एअरवेज, १९४०'. ड्रॉइंग आर्थर ब्रॅडबरीचं, तो पूलचाच, जहाजं काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पॉटरीची जहाजांची ताटं एवढी नावाजलेली आहेत ती बहुतेक त्याच्याच चित्रांवरून केलेली.

पण ड्रॉइंग त्याचं असलं तरी ताट रंगवायच्या त्या पॉटरीतल्या बायका, आणि मला खरं वेड लावलंय ते त्यांच्या हाताने. बघ, आधी कागदावर चित्राच्या रेघेरेघेने सुईने भोकं पाडायची, तो कागद ताटावर ठेवून वरून कोळशाची पूड चोळायची, आपल्याकडे रांगोळीचा भोकांचा कागद असतो अगदी तसंच, की खाली ठिपके उमटतात. मग ब्रश. आणि हे रंगवणं कच्च्या ग्लेझवर, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चकचकीत होतो त्या लेपावर, भाजायच्या आधी, त्यामुळे ब्रश टेकला रे टेकला की रंग आत शोषला जातो, पुसून परत करायची सोयच नाही. विमानाच्या पंखाची लांब सरळ रेघ अशा पृष्ठभागावर एका दमात ओढायची म्हणजे काय हात असेल विचार कर! ताट उलटं केलं की मागे पॉटरीचा शिक्का असतो आणि रंगवणारीची स्वतःची छोटी खूण, ब्रशनेच काढलेली. मी पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजूच जास्त वेळ बघत बसलो.

आता त्या अक्षरांचं. युद्ध सुरू झाल्यावर इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीने आपल्या फ्लाइंग बोटी साउदॅम्प्टनहून पूलला हलवल्या, साउदॅम्प्टन म्हणजे मोठं बंदर, बाँब पडणार हे दिसतच होतं. एप्रिल १९४० पासून कंपनीचं नाव झालं बीओएसी, म्हणजे ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशन. म्हणजे पूल एकदम इंग्लंडचं दार झालं, इथून भूमध्य समुद्र, इजिप्त, इराकवरून कराची आणि पुढे आपल्याकडे राजस्थानातला राजसमंदचा तलाव, मग ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता. हो, शिंद्यांच्या ग्वाल्हेरला ही विमानं पाण्यावर उतरायची! मुंबईची टपाल जुहूहून कराचीला न्यायला टाटांची विमानं १९३२ पासूनच होती, तिथून ती या मोठ्या रस्त्याला लागायची. गावाला अभिमान वाटणारच ना, ताट काढण्याएवढा.

आणि त्याच १९४० मध्ये १० जूनला इटली युद्धात उतरली, फ्रान्स पडलं, आणि भूमध्य समुद्रावरची वाट बंद. ताटावर जी 'एम्पायर एअरवेज' लिहिलीये ती पूलमधून सरळ जाणारी वाट त्याच सालात तुटली रे. मग जी विमानं पलीकडे होती त्यांनी डर्बन ते सिडनी असा घोड्याच्या नालासारखा मार्ग धरला, डर्बन, कैरो, कराची, कलकत्ता, सिंगापूर असा, आणि इंग्लंडची टपाल आधी बोटीने आफ्रिकेला वळसा घालून डर्बनला जायची. तरी पूल थांबलं नाही. ऑगस्टमध्ये 'क्लेअर' नावाची फ्लाइंग बोट इथून निघून आयर्लंडवरून अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेली, लंडनवर बाँब पडायला लागणार होते त्याच्या थोडंच आधी. मे १९४१ मध्ये बाँब इथेही पडला आणि 'माया' बुडाली. ही तीच, जिच्या पाठीवरून १९३८ ला 'मर्क्युरी' नावाचं दुसरं विमान हवेत सुटलं आणि न थांबता अटलांटिक पार करून माँट्रियलला पोचलं. तिचा शेवट व्हावा तो असा बंदरात उभ्या उभ्या, मला फार वाईट वाटतं त्याचं.

आणि हे ऐक, युद्धात पॉटरीची बंदरावरची शोरूमच फ्लाइंग बोटींच्या प्रवाशांसाठी घेतली होती, कस्टम्स, कागदपत्रं सगळं तिथे. जिथे फुलांचे नक्षीदार वाडगे मांडलेले असायचे तिथे लोक बॅगा घेऊन रांगेत. त्यात १९४२ नंतर तर इंग्लंडातल्या घरांसाठी नक्षीची भांडी बनवायलाच बंदी आली, साधी बिननक्षीची भांडी फक्त, रंगवलेलं सगळं एक्सपोर्टला. म्हणजे १९४० चं हे ताट अगदी वेळेत झालं असं म्हणायचं. म्हणून मला ते नुसतं विमानाचं सुवेनिर वाटत नाही, त्या ब्रशवाल्या बायकांनी आपल्या गावाचा तो एक क्षण भट्टीत घालून पक्का केलाय.

ताट मी घेऊ शकणार नाही, आकडा फार वर जातो, पण फोटो काढलेत, मागच्या खुणेचे पण, पाठवतो.

आता तुझं काम. तुझ्याकडे जुन्या एअरमेल पाकिटांचा जो गठ्ठा आहे त्यात १९४० ची इंग्लंडहून आलेली आहेत का बघ, आणि असली तर जूनच्या आधीची एकीकडे नि नंतरची एकीकडे लाव, पाठवल्याचा शिक्का नि पोचल्याचा शिक्का दोन्ही दिसतील असे फोटो काढ. नंतरच्यांना किती जास्त दिवस लागले ते मला बघायचंय. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या